मनाचा रोजमेळ
पुण्यातील व्यसनमुक्तीच्या वाटचालीचा एक मागोवा

पुण्याच्या ईशान्येस, मुळा-मुठेच्या पलीकडे येरवडा वसले आहे. सामान्य पुणेकराच्या मनात या नावासरशी दोन वास्तू उभ्या राहतात : एक मध्यवर्ती कारागृह आणि दुसरी मनोरुग्णालय. या मनोरुग्णालयाच्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी व्यसनी माणसांसाठी एक केंद्र सुरू झाले. त्याचे नाव ‘मुक्तांगण’. आज महाराष्ट्रात व्यसनमुक्ती हा शब्द उच्चारला की या संस्थेचे नाव आपोआप ओठांवर येते. परंतु मुक्तांगणाने जे केले त्याचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. कारण दारूविरुद्धचा लढा पुण्याला नवा नव्हता. त्यापूर्वी शंभर वर्षे हे शहर तो लढा लढत होते. मात्र तो प्रामुख्याने दुकानाच्या दारात लढला जात होता, पिणाऱ्याच्या अंतःकरणात नव्हे.

इंग्रजी अमलात मद्यविक्री हे सरकारी उत्पन्नाचे एक मोठे साधन बनले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या उत्पन्नाची घडी पक्की बसवली. दुकाने जितकी अधिक, तितका महसूल अधिक, असे ते साधे गणित होते. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. शहरात दारूची दुकाने वाढत असल्याचे पाहून त्यांनी १८८० मध्ये नगरपालिकेचा कारभार पाहणाऱ्या प्लंकेट साहेबांना पत्र लिहिले. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका खर्च करते आणि त्याच लोकांच्या नीतीचा व आरोग्याचा नाश करणारी दुकाने तिच्या डोळ्यांदेखत वाढतात, ही विसंगती त्यांनी निदर्शनास आणली. दारूने प्रथम कोणाचे घर बुडते, हे जोतीरावांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

पुढे १९०८ च्या वसंतात पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधन सुरू झाले. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता. तरुण स्वयंसेवक दुकानांपाशी उभे राहत आणि येणाऱ्यास हात जोडून परत जाण्याची विनंती करत. सरकारने या स्वयंसेवकांवर खटले भरले. त्याच वर्षी जूनमध्ये टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या स्वयंसेवकांविषयी आदर बाळगूनही एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. दारातून परतवलेला माणूस रात्री घरी गेल्यावर त्याच्या मनात काय चालले होते, हे विचारण्यासाठी तेथे कोणी नव्हते. तो प्रश्नच त्या काळी कोणाच्या मनात आला नव्हता.

१९३० च्या सविनय कायदेभंगातही दारूच्या दुकानांवरील निरोधन हा चळवळीचा एक भाग होता. त्या वर्षी मे महिन्यात महात्मा गांधींना अटक करून येरवड्याच्या कारागृहात ठेवण्यात आले. कारागृहास ते ‘मंदिर’ म्हणत. तेथून दर मंगळवारी ते साबरमतीच्या आश्रमवासीयांना एकेका व्रताविषयी पत्र लिहीत. ती पत्रे ‘मंगल प्रभात’ या नावाने ग्रंथरूप झाली. त्यांतील एका पत्रात व्रताची आवश्यकता सांगताना, ‘शक्य तोवर पाळीन’ अशी पळवाट ठेवणाऱ्याची दुर्बलता त्यांनी स्पष्ट शब्दांत दाखवली. या आग्रहामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. १८८८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी मातेच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली होती. ही प्रतिज्ञा त्यांना देणारे बेचरजी स्वामी हे जैन साधू होते, ही गोष्ट आपल्या समाजास अभिमान वाटावी अशीच आहे. ती प्रतिज्ञा त्यांनी अखेरपर्यंत पाळली.

तथापि, ज्याने मद्याचा थेंबही चाखला नाही अशा अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने घेतलेली प्रतिज्ञा वेगळी, आणि ज्याने शंभर वेळा शपथ घेऊन शंभर वेळा मोडली आहे, अशा चाळिशीतील माणसाची अवस्था वेगळी. त्याने देवासमोर, आईच्या पायांवर हात ठेवून, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलेले असते. सांगताना तो खोटे बोलत नसतो. तरीही संध्याकाळी पाय वळतात. पुढील काळात कायद्यानेही या माणसासमोर हात टेकले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९५० पासून मुंबई राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. हातभट्ट्या पेटल्या, परवान्यांची पद्धत आली, आणि पुढील दशकांत महाराष्ट्रात तो कायदा हळूहळू सैल होत गेला. दुकानावर बंदी घालता येते. तहानेवर कशी घालावी, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न सातासमुद्रापार सुरू झाला होता. १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन मद्यासक्त गृहस्थ एकमेकांस भेटले. एक शेअरबाजारातील कंपन्यांचा अभ्यासक, दुसरा शल्यविशारद. आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसाशी मोकळेपणाने बोलले की त्या दिवसापुरती तरी दारू टळते, हा त्यांचा शोध. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९३९ मध्ये तिचा मूळ ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यातून बारा पायऱ्यांचा मार्ग मांडण्यात आला. पहिली पायरी प्रतिज्ञेची नाही. मद्यापुढे आपले काही चालत नाही, ही कबुली म्हणजे पहिली पायरी. चौथ्या पायरीत स्वतःच्या आयुष्याची झाडती घ्यावयाची, आणि दहाव्या पायरीत ती झाडती पुढे रोज चालू ठेवावयाची. येथे मूळ ग्रंथात दिलेला दाखला व्यापारी माणसास लगेच पटेल असा आहे. जो दुकानदार वेळोवेळी मालाची मोजदाद करत नाही, खराब आणि न खपणारा माल ओळखून बाजूला काढत नाही, त्याचे दिवाळे निघते. मग मनाच्या दुकानाचे काय? दिवसाअखेरी रोजमेळ मिळाल्याशिवाय पेढी बंद न करणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हा दाखला परका वाटला नसता.

या संघटनेचे काम १९५७ पासून भारतात सुरू झाले आणि यथावकाश महाराष्ट्रातही पसरले. तिचे सभासद आपले आडनाव सांगत नाहीत. त्यामुळे तिचा इतिहास नामावळीने लिहिता येत नाही, आणि स्मरणिकांतून फोटोही छापता येत नाहीत. एका अर्थी ते बरेच आहे.

संघटनेने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या ग्रंथात दहाव्या पायरीचे विवेचन आहे. तेथे झाडतीचे प्रकार सांगितले आहेत : मनाचा तोल जाताच त्या क्षणी घ्यावयाची झाडती, दिवस संपताना घ्यावयाची झाडती, आणि मार्गदर्शकासमवेत अधूनमधून, कित्येकांच्या बाबतीत सहा महिन्यांनी वा वर्षाने, घ्यावयाची मोठी झाडती. हे वाचताना जैन श्रावकास आपल्या घरातील काही आठवल्यावाचून राहणार नाही. सहा आवश्यकांपैकी प्रतिक्रमण हे एक आवश्यक. रात्रीच्या दोषांसाठी पहाटेचे, दिवसाच्या दोषांसाठी सायंकाळचे, मग पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. प्रतिक्रमण म्हणजे मागे येणे. जेथून पाऊल घसरले त्या जागेपर्यंत मनाने परत जाणे आणि तेथून पुन्हा नीट चालू लागणे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ॲक्रनच्या त्या दोन गृहस्थांनी आवश्यकसूत्र वाचले होते, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्यांची परंपरा ख्रिस्ती होती. ऑक्सफर्ड ग्रुप या मंडळीत सकाळी शांत बसून आत्मचिंतन करण्याची जी रीत होती, तिचा त्यांच्यावर प्रभाव होता. दोन दूरच्या परंपरा एकाच ठिकाणी पोहोचल्या, एवढेच खरे. परंतु त्या का पोहोचल्या हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर व्यसनाच्या स्वरूपातच सापडते.

जैन आचारशास्त्राने दोषाच्या चार अवस्था मानल्या आहेत : अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. नियम मोडण्याची इच्छा मनात उमटली तो अतिक्रम. त्या दिशेने पाऊल पडले तो व्यतिक्रम. वस्तू हाती घेतली, नियमाला तडा गेला, तो अतिचार. आणि तिचा उपभोग घेतला तो अनाचार. मुनीच्या आहाराच्या संदर्भात झालेले हे विवेचन मद्यासक्ताच्या संध्याकाळीला किती तंतोतंत लागू पडते! पेला ओठाला लागला तेव्हा व्यसन उलटले, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात ते दुपारीच उलटलेले असते. साहेब रागावले, मन खट्टू झाले. नेहमीचा रस्ता सोडून दुसऱ्या रस्त्याने जावे असे वाटले, आणि त्या रस्त्यावर नेमका तो जुना अड्डा होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी १९८५ मध्ये पुनर्व्यसनाच्या प्रतिबंधावर जो ग्रंथ संपादित केला, त्यात वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या अशाच छोट्या निर्णयांकडे लक्ष वेधले आहे. एकदा घसरल्यावर ‘आता सगळे संपलेच’ या अपराधी भावनेतून माणूस अधिकच पितो, हेही त्यांनी दाखवले. म्हणजे दोष अतिक्रमाच्या अवस्थेत पकडावा लागतो, आणि अतिचार घडलाच तर अनाचारापर्यंत न जाता मागे फिरावे लागते. वर्षातून एकदा घेतलेल्या शपथेला हे काम जमत नाही. त्यासाठी रोजचा पहाराच हवा.

याच मार्लाट यांनी पुढे सिॲटल येथील एका सुधारगृहात विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरांचा अभ्यास केला. इगतपुरीच्या सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील ही शिबिरे होती. सुटकेनंतर त्या बंदिवानांतील मद्य व अमली पदार्थांचे सेवन घटल्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वासना उठते, तिच्याकडे पाहत राहिल्यास ती ओसरते, या साध्या निरीक्षणावर ती साधना उभी आहे. कायोत्सर्गात देह निश्चल ठेवून श्वासाच्या मापाने उभ्या राहणाऱ्या श्रावकास याचा मर्मार्थ वेगळा सांगावयास नको.

आता प्रत्याख्यानाकडे पाहावे. जन्मभराच्या व्रतांबरोबरच आपल्या परंपरेने लहान, मोजक्या काळाचे नियम ठेवले. नवकारशी तर सूर्योदयानंतर दोन घटिका, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांपुरतीच. देशावकाशिक व्रतात मोठ्या मर्यादा एका दिवसापुरत्या आणखी आवळल्या जातात. सकाळी चौदा नियम धारून सायंकाळी त्यांचा हिशेब पाहणारी वृद्ध मंडळी अजूनही भवानी पेठेत आणि नाना पेठेत आढळतील. ‘जन्मभर पिणार नाही’ या वाक्याचे ओझे ज्याला पेलत नाही, त्याला ‘आज पिणार नाही’ हे वाक्य पेलते, हा बारा पायऱ्यांच्या मार्गाचाही गाभा आहे. ज्याला आजचा दिवसही जड जातो, त्याने पुढच्या तासापुरते ठरवावे, असे तेथील जुने सभासद नव्याला सांगतात. दोन घटिकांचे प्रत्याख्यान म्हणजे याहून वेगळे काय?

क्षमापनेच्या बाबतीत मात्र त्या मार्गाकडून काही शिकण्यासारखे आहे. आठव्या आणि नवव्या पायरीत, आपण ज्यांना दुखावले त्यांची यादी करावयाची आणि प्रत्यक्ष त्या व्यक्तीकडे जाऊन नुकसान भरून द्यावयाचे, असा दंडक आहे. भेटीने समोरच्याचे अधिक अहित होणार असेल तरच ती टाळावयाची. संवत्सरीच्या दिवशी शेकडो छापील क्षमापना-पत्रे ज्यांना आपण कधी दुखावले नाही अशांना जातात, आणि ज्या सख्ख्या भावाशी दहा वर्षे अबोला आहे त्याचा पत्ता तेवढा यादीत नसतो. ‘मिच्छामि दुक्कडं’ हे शब्द छापखान्यात फार स्वस्त झाले आहेत.

ही सर्व पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे येरवड्याच्या त्या केंद्राचे कार्य नीट उमगते. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी भारतीय शहरांत ब्राउन शुगरचा, म्हणजे ‘गर्द’चा, शिरकाव झाला. चांगल्या घरांतील मुले चोऱ्या करू लागली. डॉ. अनिल अवचट यांनी या विषयाचा शोध घेऊन ‘गर्द’ हे लेखन केले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे केंद्रासाठी आर्थिक साहाय्य दिले. डॉ. अनिल यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या मनोरुग्णालयात काम करत होत्या. केंद्राची खरी धुरा त्यांनी उचलली. गर्दुल्ले म्हणजे गुन्हेगार, असे सर्वत्र मानले जात असताना त्यांनी या मुलांना आजारी माणसे मानले आणि आईच्या मायेने जवळ घेतले. तेथे रुग्णांना ‘रुग्णमित्र’ म्हणतात. शब्द साधा आहे, पण घरच्यांनीही ज्याला हाक मारणे सोडले आहे त्याला तो किती मोठा वाटत असेल!

मुक्तांगणातील निवासी उपचार पस्तीस दिवसांचे असतात. प्रारंभीचे दिवस देहाचे. हे काम डॉक्टरांचेच आहे आणि त्यात कोणी धाडस करू नये. दीर्घकाळ पिणाऱ्याने घरच्या घरी दारू एकाएकी सोडली, तर फेफरे येऊ शकते, भ्रम होतो, क्वचित प्राणावरही बेतते. प्रतिक्रमण हा औषधाला पर्याय नव्हे. परंतु आठ-दहा दिवसांत देह बराच सावरतो आणि मग खरे काम उरते. योगासने, ध्यान, गटात बसून बोलणे, समुपदेशकापुढे मन उघडणे, बारा पायऱ्यांवरील चर्चा, कला, संगीत, सफाई, असा त्या दिवसांचा क्रम. कोणताही एक धर्म तेथे शिकवला जात नाही. शिकवले जाते ते स्वतःकडे पाहणे. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण नवऱ्याच्या व्यसनाने पत्नीचेही मन आजारी पडते हे सुनंदाताईंनी फार लवकर ओळखले होते. त्यांचे १९९७ मध्ये कर्करोगाने निधन झाले. संस्था थांबली नाही. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी पुढे जबाबदारी स्वीकारली. डॉ. अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले.

आपल्या समाजासंबंधीही येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, मग ते उत्सवाच्या प्रसंगी कटू वाटले तरी चालतील. सप्त व्यसनांत मद्याची गणना आपण बालपणापासून ऐकतो. समंतभद्राचार्यांनी श्रावकाच्या मूलगुणांत मद्यत्याग घातला. अमृतचंद्राचार्यांनी मद्याने मोहित झालेला मनुष्य धर्म विसरतो आणि मग निःशंकपणे हिंसा करतो, अशी कारणमीमांसा केली. हा वारसा मोठाच आहे. पण त्याची एक सावली आहे. ज्या घरात मद्याचे नाव काढणे हेच पाप, त्या घरात मुलगा पितो हे कबूल कसे करावे? मग ‘पोटाचा विकार आहे’, ‘धंद्याचा ताण आहे’ असे सांगितले जाते. लग्न लावून दिले म्हणजे सुधारेल, या आशेने आणखी एक निष्पाप जीव त्यात ओढला जातो. आलोचनेचे शास्त्र ज्यांच्या घरी आहे, त्यांनीच दोष दडवावा हे विपरीत आहे. आलोचना म्हणजे गुरूसमोर आपला दोष जसा आहे तसा मांडणे. लहान बालक जसे काही न लपवता आईला सांगते तसे सांगावे, असे आचार्यांनी म्हटले आहे.

एक शेवटचा मुद्दा. रोज कशासाठी? ज्या दिवशी दोष घडलाच नाही त्या दिवशीही प्रतिक्रमण का? आपल्या परंपरेत याविषयी एक मार्मिक नोंद आहे. मधल्या बावीस तीर्थंकरांच्या काळातील साधू दोष घडला तरच प्रतिक्रमण करीत. प्रथम ऋषभदेव आणि अंतिम महावीर यांच्या शासनात मात्र दोष घडो वा न घडो, ते नित्य करावे लागते. कारण मधल्या काळातील माणसे सरळ आणि प्राज्ञ होती. त्यांना आपला दोष तत्काळ कळे. आपल्या काळातील माणूस वक्र आणि जड. त्याचे मन त्यालाच फसवते.

मुक्तांगणातील अनेक समुपदेशक हे एकेकाळचे रुग्ण आहेत. त्यांच्यापैकी काहींना दारू सोडून किती तरी वर्षे लोटली आहेत. नव्या रुग्णाला धीर देताना ते आपल्या पहिल्या दिवसाची हकिगत सांगतात : हात कसा थरथरत होता, येथपर्यंत कोणी आणून सोडले, कोणाला काय खोटे सांगितले. ती हकिगत त्यांनी आजवर कितीदा सांगितली असेल याची गणती नसेल. उद्या नवा रुग्ण येईल, तेव्हा ते ती पुन्हा पहिल्यापासून सांगतील.